घोडीखालची पाचर

चढावर मध्येच म्हातारी बंद पडली आणि नानांना मनातून आनंद झाला.

आता हा आनंद कुणाला कळू देण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी हँडब्रेक ओढला, कपाळाला आठ्या घातल्या, स्टिअरिंगवर तळहात आपटला आणि शेजारी बसलेल्या लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "बसली! आज पुन्हा बसली!"

"नाना, तुम्ही हसताय," लेक म्हणाली.

"हसतोय कुठं? ऊन येतंय डोळ्यांवर."

ऊन पाठीमागून येत होतं. लेकीनं ते बोलून दाखवलं नाही. ती खाली उतरली, मागच्या दोन्ही चाकांना तिनं दगड लावले आणि मग काचा बघायला गेली. म्हातारीच्या, म्हणजे नानांच्या जुन्या ट्रकच्या, हौद्यात मधोमध घोडी उभी होती. घोडी म्हणजे काचा नेण्याची लाकडी चौकट, दोन्ही अंगांनी वर निमुळती होत गेलेली. दोन्ही बाजूंना काचा टेकवायच्या, वरून पट्टे आवळायचे, की काच शहाण्या मुलीसारखी उभी राहते. आज सहा काचा होत्या आणि सहाही धड होत्या. बॉनेटमधून मात्र वाफेचा लोट चालला होता आणि मागून येणारे लोक भोंगे वाजवत, शेलक्या शब्दांत विचारपूस करत पुढं जात होते.

"तू बोलव उस्तादला," नाना खिडकीतून म्हणाले. "आणि त्याला म्हणावं, या वेळी खरं काय ते सांग. दुरुस्त होण्यासारखी आहे का नाही, ते स्पष्ट सांग. मला काही नाही. मी दोन्हीला तयार आहे."

ही थाप होती. नाना दोन्हीला तयार नव्हते. गेले दोन महिने त्यांच्या उशीच्या अभ्र्यात नव्या गाडीचं माहितीपत्रक होतं, गुळगुळीत कागदाचं, चार घड्या घातलेलं. दुपारी जेवण झालं की आडवं होण्याच्या निमित्तानं ते खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि चष्मा लावून ते वाचायचे. आत्तापर्यंत ते सगळं पाठ झालं होतं.

त्याला कारण होतं. नानांच्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात नवीकोरी म्हणावी अशी वस्तू क्वचितच आली होती. पहिली सायकल मामाची. मनगटावरचं घड्याळ वडिलांचं. लग्नातला कोट मावसभावाचा, तोही खांद्यात ढिला. दुकान घेतलं ते एका शिंप्याचं, आणि दुकानाची पाटी म्हणजे त्याच शिंप्याची पाटी उलटी करून रंगवलेली. म्हातारी तर तिसऱ्या हाताची. आधीच्या एकानं तिच्यातून वाळू वाहिली होती, दुसऱ्यानं लोखंडी पिंपं. ती नानांकडे आली तेव्हाच तिचा मीटर बंद पडलेला होता, त्यामुळे ती किती चालली आहे हे तिचं तिलाच माहीत. नानांनी तिच्यावर बावीस वर्षं काढली आणि तक्रार केली नाही. पण आयुष्यात एकदा, फक्त एकदा, जिच्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद आपणच फाडायचा, जिच्या मीटरवरचा पहिला आकडा आपल्याच हातानं पडायचा, अशी गाडी चालवायची, एवढी एकच हाव त्यांच्या मनात शिल्लक होती. आणि ती एवढी पोरकट आहे असं त्यांचं त्यांनाच वाटत असल्यानं ते ती लपवत होते.

उस्ताद आला तो हातात पाना घेऊनच. हा मेकॅनिक नानांच्या बरोबरीचा, तोंडानं फटकळ आणि हातानं देवमाणूस. म्हातारीचा असा एक नट नव्हता जो त्यानं निदान तीनदा काढून बसवला नव्हता. तो गाडीखाली गेला, खालूनच शिव्या देत राहिला आणि पाऊण तासानं काळाठिक्कर होऊन बाहेर आला.

"सांगू?"

"सांग ना." नानांनी श्वास धरला.

"इंजिन उतरवावं लागणार. डाव्या अंगाचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेत, गाडी कललीय, ते बदलू. रेडिएटर नवा घालू. तीन आठवडे दे मला. पुढं पाच वर्षं बघायला नको."

नानांचा चेहरा पडला. उस्तादला वाटलं, तीन आठवड्यांच्या खोळंब्यामुळे पडला.

"बरं, अडीच घे," तो म्हणाला.

*

त्या संध्याकाळी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये सभा भरली. सभेला नाना, त्यांची बायको, लेक आणि उस्ताद हजर होते. लेक नव्या गाडीच्या बाजूची होती आणि ते ती लपवत नव्हती. उस्ताद दुरुस्तीच्या बाजूचा, आणि त्याच्यापेक्षाही कडवी होती नानांची बायको.

"मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो तिच्यातून," ती म्हणाली. "काच पोचवायला गेलो होतो. मला म्हणाले, डोळे मिट, आणि सांगितलं की उघड. उघडले तर समोर एवढं पाणी! ती गाडी भंगारात द्यायची?"

"आई, समुद्र नव्या गाडीतूनही दिसतो," लेक म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की महिन्यातून चार वेळा आपण रस्त्यात उभे असतो. परवा त्या शाळेचं काम हातचं गेलं. लोक काचेसाठी थांबत नाहीत, दुसरीकडे जातात. उस्तादकाका, तुम्हीच सांगा, इंजिन केलंत, पाटे केलेत, मग पुढं गिअरबॉक्स नाही ना म्हणायचा?"

उस्तादनं दाढी खाजवली. "गिअरबॉक्सचं मी आज कसं सांगू?"

"बघा!"

नाना मध्ये बसून न्यायाधीशासारखी मान इकडून तिकडे हलवत होते. तोंडानं ते म्हणत होते, "दोघांचंही बरोबर आहे. घाई नको. विचार करू."

त्यावर त्यांची बायको उठली, आतल्या खोलीत गेली आणि उशी घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं अभ्र्यात हात घातला आणि चार घड्यांचा तो गुळगुळीत कागद काढून मध्ये ठेवला.

"दोन महिने झाले, उशी कुरकुर वाजते," ती म्हणाली. "मला वाटलं, उंदीर आहे."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. उस्ताद हसला. नाना कानापर्यंत लाल झाले आणि मग त्यांचाही बांध फुटला.

"हो, हवीय मला!" ते म्हणाले. "नवीच हवीय. अहो, कोरी! जिच्यात आधी कुणी बसलेलं नाही, कुणी पान खाल्लेलं नाही, कुणी वाळू भरलेली नाही. पहिला किलोमीटर माझा. काय चुकलं? एकसष्ट वर्षांत मी काही मागितलंय?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या विरोधाचं खरं कारण समुद्र नव्हतं आणि ते आता तिच्या तोंडून निघालं. "नवी आणलीत की तुम्ही आणखी दहा वर्षं घरी बसायचे नाही. म्हातारी दुरुस्त केली तर फार तर पाच वर्षं चालेल; ती थांबली की तुम्हीही जरा थांबाल."

लेक म्हणाली, "शोरूमवाल्या बाई एक दिवस चालवून बघायला गाडी देतात. आपलं ओझं घालून बघा म्हणतात. आधी बघू तर खरं. मग भांडू."

एवढ्यावर सभा उठली. नाना त्या रात्री उशी न वाजवता झोपले.

*

शोरूमची चाचणीची गाडी शनिवारी सकाळी दुकानासमोर येऊन उभी राहिली. पांढरीशुभ्र. नाना तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. म्हातारीचं दार लावायला खांदा लावावा लागायचा, इथं नुसत्या बोटानं काम होत होतं. आत बसल्यावर त्यांनी काच वर केली आणि रस्त्याचा सगळा गोंगाट कुणी झाकण लावल्यासारखा थांबला.

"ऐकलंस?" ते लेकीला म्हणाले.

"काय?"

"काहीच नाही! काहीच ऐकू येत नाही!" आणि ते लहान मुलासारखे हसले.

शोरूमवाल्या बाईंना वाटलं होतं, हे लोक सिमेंटच्या चार गोण्या टाकून एक चक्कर मारतील. पण नानांना ते मान्य नव्हतं. खोटं ओझं घालून खरी परीक्षा होत नाही, असं त्यांचं मत होतं. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याची दर्शनी काच त्या दिवशी पोचवायची होती, आठ फूट बाय सहा. तीच न्यायची ठरली. आणि काच न्यायची म्हणजे घोडी हवी, म्हणून उस्तादला बोलावलं.

उस्ताद तोंड पाडून आला, पण काम म्हटल्यावर त्याच्यानं राहवेना. म्हातारीच्या हौद्यातून घोडी सोडवायची, चौघांनी उचलायची, नव्या गाडीत ठेवून चार बोल्टांनी आवळायची. तासाभराचं काम. नाना आणि उस्ताद दोघं एकमेकांवर ओरडत होते, "तुझ्याकडे घे! अरे, तुझ्याकडे म्हणजे तुझ्याकडे!" आणि दोघांनाही मनापासून मजा येत होती. बोल्ट आवळून झाल्यावर उस्तादनं घोडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं. ती तसूभरही हलली नाही.

"दगड आहे दगड," तो म्हणाला. "नव्या गाडीचं काही असो, माझं काम बघून घे."

काच घोडीच्या उजव्या अंगाला लागली. दोन पट्टे आवळले. नाना स्टिअरिंगवर बसले, लेक शेजारी बसली. निघताना नानांनी आरशात बघितलं तर बायको दुकानाच्या दारात उभी होती. तिनं हात हलवला नाही, पण ती आतही गेली नाही.

पहिली पंधरा मिनिटं म्हणजे नुसतं सुख. ज्या चढावर म्हातारी बसली होती तो चढ या गाडीनं बोलता बोलता पार केला. नाना अखंड बोलत होते. क्लच बघ कसा लोण्यासारखा, गिअर बघ, ब्रेक बघ, पाय ठेवला की थांबली! म्हातारीला थांबवायचं म्हणजे आदल्या गल्लीत विचार सुरू करावा लागायचा. लेक हसत होती, पण तिची नजर रस्त्यावर होती.

"नाना, जरा उजवीकडे चाललीय गाडी."

"हं." नानांनी सरळ केली.

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "नाना, पुन्हा उजवीकडे."

"अगं, नवीन आहे. हात बसायचाय."

मग तो मोठा रस्ता आला. समोरून एक बस आली आणि नानांच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ तिच्या अंगावर चाललो आहोत. त्यांनी झटकन स्टिअरिंग डावीकडे घेतलं. या गाडीचं स्टिअरिंग हलकं, म्हातारीला लागायचा त्याच्या निम्माही जोर लागत नव्हता, आणि नानांनी म्हातारीला लागायचा तेवढा लावला. गाडी सपकन डावीकडे वळली. बस निघून गेली. लेकीनं खिडकीतून मागं बघितलं आणि तिच्या तोंडून नुसतं "आई गं" बाहेर पडलं.

नाना म्हणाले, "काय झालं? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

काच पट्ट्यांमध्ये होती तशीच उभी होती, पण खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक रेघ गेली होती, आणि ते उतरून तिच्याजवळ येईपर्यंत त्या रेघेला आणखी दोन फाटे फुटले. नानांच्या हातून रस्त्यात फुटलेल्या काचा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्या सगळ्या पहिल्या दोन वर्षांतल्या होत्या. ते त्या रेघेकडे बघत उभे राहिले. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण भर रस्त्यात ते काही आलं नाही.

*

दुकानात परत आल्यावर उस्तादनं आधी काच बघितली, मग नानांचा चेहरा. तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. "सांगत होतो. या नव्या गाड्या म्हणजे नुसता दिखावा. म्हातारीनं असं कधी केलं नसतं."

"नसतंच केलं," नानांची बायको म्हणाली, पण हळू आवाजात. नवऱ्याची ती अवस्था बघून जिंकल्याचा आनंद तिला होईना.

नाना खुर्चीवर बसून होते. "माझं चुकलं," ते म्हणाले. "इंजिन उतरव, उस्ताद. पाटे बदल. मला नको नवी गाडी."

विषय संपला असता. पण लेक काही ऐकणाऱ्यातली नव्हती. ती बाहेर जाऊन घोडीकडे कितीतरी वेळ एकटक बघत राहिली, मग आत येऊन भिंतीवरची पाणसळ घेऊन गेली. काचा बसवताना चौकट सपाट आहे की नाही हे ज्यातल्या बुडबुड्यावरून कळतं ती पाणसळ. तिनं ती गाडीच्या हौद्यात आडवी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. मग तिनं ती घोडीच्या खालच्या आडव्या लाकडावर ठेवली, आणि बुडबुडा डावीकडे टोकाला जाऊन बसला.

"नाना! उस्तादकाका! इकडे या!"

दोघं आले. पाणसळ बघितली. उलटी करून बघितली. उस्ताद हौद्यात चढला, गुडघ्यांवर बसला आणि घोडीच्या डाव्या पायाखाली त्यानं बोट फिरवलं. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले. त्याखाली पायाचं लाकूड संपत होतं आणि दुसरं लाकूड सुरू होत होतं. दोन बोटं जाडीची पाचर होती, खिळ्यांनी ठोकलेली आणि घोडीला जितक्या वेळा रंग दिला तितक्या वेळा तिच्याबरोबर रंगवलेली.

"ही कुणी घातली?" नाना म्हणाले.

उस्तादनं पाचरीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "मीच की रे. म्हातारीचे डावे पाटे बसायला लागले तेव्हा. तू म्हणालास, घोडी तिरकी होते, काहीतरी कर. मी म्हणालो, आठ दिवसांसाठी पाचर मारतो, मग पाटे बदलू."

"आठ दिवसांसाठी!"

"अकरा वर्षं झाली त्याला."

आता काय झालं ते उघड होतं. म्हातारी डावीकडे कललेली, म्हणून घोडीला डावीकडून उचललं होतं. सरळ गाडीत तीच घोडी उजवीकडे कलली आणि उजव्या अंगाची काच टेकण्याऐवजी जवळजवळ नुसतीच उभी राहिली. वाकड्या गाडीसाठी वाकडी केलेली घोडी दोन अनुभवी माणसांनी, एकमेकांवर ओरडत, सरळ गाडीत दगडासारखी घट्ट आवळून बसवली होती. उस्ताद हौद्यातच फतकल मारून बसला आणि हसायला लागला. नानाही हसले. दोघं एकमेकांना ढोसत, डोळे पुसत हसत राहिले, आणि दारातून नानांची बायको म्हणाली, "काच फुटली आणि हे दोघे दात काढतायत," आणि तीही हसली.

पाचर काढायला दोन मिनिटं लागली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. नाना हरखून म्हणाले, "चल, पुन्हा निघू! दुकानातली एखादी खराब झालेली काच चढव. बघू आता."

"नाना, या वेळी मी चालवू?" लेकीनं विचारलं.

तिच्याकडे परवाना होता. दोन वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. पण म्हातारी नानांनी तिच्या हाती कधी दिली नव्हती, ती दुसऱ्या कुणाच्या हातानं चालत नाही असं ते म्हणायचे आणि ते खरंही होतं. आज मात्र ते "चालव" म्हणाले आणि दुसऱ्या बाजूनं चढून बसले.

लेकीनं गाडी काढली. ती चढावरून गेली, मोठ्या रस्त्यावरून गेली, दवाखान्यापर्यंत गेली आणि तिथून वळून आली. गाडी एकदाही उजवीकडे गेली नाही आणि डावीकडेही गेली नाही. नाना आधी रस्त्याकडे बघत होते, मग लेकीच्या हातांकडे बघायला लागले. ते हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते. मग त्यांची नजर स्वतःच्या मांडीवरच्या हातांवर गेली. मुठी वळलेल्या होत्या आणि दोन्ही मनगटं उजवीकडे पिळलेली होती, म्हातारीला डावीकडे जाऊ न देण्यासाठी अकरा वर्षं पिळलेली, तशीच. त्यांनी हात मोकळे केले. दोन मिनिटांनी बघितलं तर पुन्हा तसेच.

त्यांना वाईट वाटलं. फार वाटलं. घोडीखालची पाचर उस्तादनं पान्यानं उचकटून काढली होती. हातातली कुणी काढायची?

"पंधरा दिवसांत हात बसेल तुमचा, नाना," लेक म्हणाली. तिनंही ते हात बघितले होते.

"बसेल. नाही असं नाही." नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण त्या पंधरा दिवसांत काचा फुटतील त्याचं काय? आणि समोरून रोज बसच येईल असं थोडंच आहे? एखादं पोर सायकलवर यायचं."

दुकान जवळ आलं तसं नाना सावरून बसले. "गाडी घ्यायची," ते म्हणाले. "नवीच घ्यायची. आणि तू चालवायचीस. पहिल्या दिवसापासून."

"नाना, पहिला दिवस तरी तुम्ही..."

"मी सांगतोय ना! काच मी चढवीन, काच मी बसवीन, हिशोबाला नावं मी ठेवीन. स्टिअरिंगवर तू. आणि हे बघ, आईला आत्ताच सांगू नकोस. मला तिचा चेहरा बघायचाय."

*

नवी गाडी आणायला घरातले सगळे गेले. उस्तादनं तात्पुरती चालती केलेल्या म्हातारीतून गेले. तिला बदल्यात द्यायचं ठरलं होतं आणि शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या आवारात त्याच दिवशी पोचवायची होती. गाडी निळी होती. नानांची बायको तिच्या दाराला एका बोटानं शिवून बघत होती, आणि आता स्टिअरिंगवर कोण बसणार हे कळल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते लपवण्याची तसदी ती घेत नव्हती. नानांनी आत डोकावून सगळ्यात आधी मीटर बघितला. त्यावर अकरा किलोमीटर झाले होते.

"हे काय?" ते म्हणाले.

"कारखान्याच्या गोदामातून इथपर्यंत आणावी लागतेच ना, काका," शोरूमवाल्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे पहिला किलोमीटर कुणालाच मिळत नाही?"

"नाही हो. कुणालाच नाही."

नानांना याचं इतकं हसू आलं की त्यांनी तिथल्या तिथं ते चार लोकांना सांगितलं. मग त्यांनी सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद मात्र स्वतः फाडला, टरकन, एका ओढीत, आणि लेकीच्या हातात किल्ली ठेवली.

दोन्ही गाड्या दुकानापाशी आणून म्हातारीतली घोडी नव्या गाडीत बसवली, या वेळी पाणसळ ठेवूनच. पहिलं काम एका नाचाच्या शाळेचं होतं. भिंतभर आरसा हवा होता, त्याचा पहिला तुकडा आज द्यायचा होता. आरसा उजव्या अंगाला चढवला, तोंड बाहेर. शोरूममधून म्हातारी न्यायला माणूस पाठवतो म्हणून निरोप आला होता. नाना नको म्हणाले. त्याला ती जमायची नाही, डावीकडे ओढते, गटारात घालेल.

मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही गाड्यांचा रस्ता एकच होता. पुढं नवी गाडी, तिच्यात लेक आणि तिच्याशेजारी बायको. मागं म्हातारीत एकटे नाना. मनगटं उजवीकडे पिळलेली आणि गाडी सरळ चाललेली. इंजिन धडधडत होतं, दार खडखडत होतं, आणि पुढची निळी गाडी त्यांच्या समोर इतकी डौलात चालली होती की ते अधूनमधून उगाचच भोंगा वाजवत होते. लेक खिडकीतून हात काढून उत्तर देत होती.

चौकात लेकीला उजवीकडे वळायचं होतं, नानांना सरळ. सिग्नल मिळाला. निळी गाडी हळूहळू वळली आणि तिचं सगळं उजवं अंग नानांच्या समोर आलं. आरशाच्या वरच्या अर्ध्यात आभाळ होतं. खालच्या अर्ध्यात एक ट्रक येत होता, डाव्या खांद्यावर झुकलेला, एक दिवा मिणमिणता, आणि स्टिअरिंगमागं एक पांढऱ्या केसांचा माणूस ताठ बसलेला. बावीस वर्षांत नानांनी म्हातारीला रस्त्यावरून येताना कधी बघितलं नव्हतं. बघणार कसे? ते नेहमी तिच्यातच असायचे.

चांगली दिसत होती. तोही चांगला दिसत होता.

मग निळी गाडी पूर्ण वळली, आरसा तिच्याबरोबर गेला, आणि मागून कुणीतरी भोंगा वाजवला. नानांनी दुसरा गिअर टाकला आणि ते सरळ गेले.